हॉकीची मॅच ग्राउंडवर बसून बघितलेले बेळगावकडचे कोण कोण आहेत इथं?

बॅकलाईन (टिळकवाडी)

टीव्हीवर पाच मिनिटं हॉकी बघून "छे, बॉलच दिसत नाही" म्हणत चॅनेल बदलणाऱ्यांची मला कीव येते, म्हणून हा धागा. ग्राउंडवर जाऊन बघितलेल्या मॅचचे किस्से टाका. कुठं बघितलात, कुठं बसलात, काय दिसलं. नुसते स्कोअर नकोत, ते नेटवर मिळतात.

आमच्या लहानपणी लेले ग्राउंड नाहीतर कॅम्पात मिलिटरीच्या ग्राउंडवर हॉकी बघायला मिळायची. तिकीट नाही, खुर्ची नाही, चुन्याच्या पट्ट्याच्या मागं सायकल आडवी टाकायची आणि तिच्या दांड्यावरच बसायचं. जवानांच्या मॅच असल्या की खरी मजा, कारण दोन्ही कंपन्यांची पोरं ओरडायला आलेली असायची, आणि एखादा सुभेदार साईडलाईनवरून आपल्या लेफ्ट हाफला अशा काही शिव्या घालायचा की आम्ही त्या पाठ करून घरी येऊन भावावर वापरायचो. ग्राउंड म्हणजे गवत कमी आणि लाल माती जास्त. बॉल सरळ येता येता शेवटच्या हातभर अंतरात उडी मारणार, स्टिक चुकवून नडगीवर बसणार. ज्याला तो थांबवता यायचा त्याला आम्ही देव मानायचो.

आता माझं ठाम मत सांगतो. हॉकी बघायची तर गोलच्या मागं, थोडं उंचावर बसून. मधल्या महागड्या सीटवर बसलात तर टेनिस बघितल्यागत मान हलवत बसाल. गोलमागून शॉर्ट कॉर्नर बघा एकदा, म्हणजे फाऊलनंतर गोललाईनवरून बॉल आत ढकलून गोलवर मारतात तो. गोली आणि चौघं बॅकलाईनवर, बाकीची टीम पार हाफलाईनच्या पलीकडं. बॉल ढकलला रे ढकलला की पहिला रशर तोंडाला मास्क लावून फ्लिकवाल्याच्या (स्टिकनं बॉल ओढून गोलवर फेकणाऱ्याच्या) अंगावर धावत सुटतो. जाणूनबुजून. बॉल त्याच्या गुडघ्यावर बसणार हे त्याला माहीत असतं, तुम्हाला माहीत असतं, तरी तो पळतो. टीव्हीवर कॅमेरा तोवर फ्लिकवाल्यावर असतो, हा माणूस दिसतच नाही. मग गोलच्या आतल्या लाकडी फळीवर बॉल बसल्याचा आवाज येतो "खाडकन", आणि अंपायरची शिट्टी त्याच्यानंतर.

बाकीच्यांनी लिहा आता.

---

शहापूरकर

सायकलच्या दांड्यावर बसून मॅच बघणारा माणूस आता गोलमागं उंचावरची सीट मागूलालाय. प्रगती आहे बाबा.

---

कॅम्पातला_म्हातारा

बॅकलाईन, धागा बेस काढलास. माझं वय झालंय, लिहायला वेळ लागतो, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

बेळगावात हॉकीचा विषय निघाला की पहिलं नाव बंडू पाटील यांचं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या सुवर्णपदकाच्या टीममध्ये आपला बेळगावचा माणूस होता हे आजच्या पोरांना सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं. फायनल पाकिस्तानबरोबर, एक-शून्य, मोहिंदर लालचा पेनल्टी स्ट्रोक, गोलात शंकर लक्ष्मण. आम्ही ते रेडिओवर आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात अनुभवलं. पण त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्या गल्लीत जो तो बंडू पाटील व्हायचा, गोली व्हायला कुणीच तयार नसायचं, मग सगळ्यात बारक्याला उभा करायचे.

ग्राउंडवर बघितलेली सगळ्यात मोठी हॉकी म्हणजे मुंबईतला वर्ल्ड कप. डिसेंबर ८१ च्या शेवटी सुरू झाला आणि जानेवारी ८२ मध्ये संपला. मी तेव्हा नोकरीला मुंबईत, साहेबाला "गावाकडं आजी सिरियस आहे" असं सांगून जायचो, आजी त्या वेळी इकडं ठणठणीत होती आणि नंतरही पुष्कळ जगली. आपली टीम पाचवी आली, त्यावर काय बोलायचं. पण मी पाकिस्तान बघितलं बाबांनो. हसन सरदार. तो बॉल घेऊन डी मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, शिरला की पळायचा नाही, उलट हळू व्हायचा. समोरचा बॅक स्टिक खाली टाकायचा, आणि त्याच क्षणी हा दुसऱ्या बाजूनं निघून गेलेला असायचा. डावीकडून समीउल्ला, त्याला फ्लाईंग हॉर्स म्हणायचे ते उगाच नाही. फायनलला पश्चिम जर्मनीला ३-१ हरवलं. मी टाळ्या वाजवल्या, शेजारच्यानं माझ्याकडं रागानं बघितलं, मग पुढच्या मूव्हला त्यानंही वाजवल्या.

त्याच वर्षाच्या शेवटी दिल्लीत एशियाडच्या फायनलला त्याच पाकिस्ताननं आपल्याला ७-१ नं धुतलं. लोकांनी सगळं खापर गोली मीर रंजन नेगीवर फोडलं. मुंबईत मी त्या फॉरवर्ड लाईनला जवळून बघितलं होतं, म्हणून तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो, त्या दिवशी गोलात दोन गोली उभे केले असते तरी फरक पडला नसता.

---

निपाणीकर

काका, नमस्कार. तुमच्यासारखी माणसं लिहितात म्हणून इथं यायचं.

खरं मी जरा वेगळं बोलणार. मला विचाराल तर ग्राउंडवरची हॉकी गवताबरोबर संपली. १९७६ ला माँट्रियल ऑलिंपिक ॲस्ट्रोटर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर झालं, आपण सातवे आलो, आणि तिथून पुढं आमच्यासारख्या गावच्या पोरांचा खेळ राहिलाच नाही. एका टर्फला कोट्यवधी रुपये, वर दर मॅचला पाणी मारायचं, आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो. गवतावरचा ड्रिबलर टर्फवर धावणाऱ्यांच्या पायाखाली गेला. मी कोल्हापूरला कसबा बावड्यात लाईन बझारची पोरं खेळताना बघितलीत, काय हात होते एकेकाचे! त्यांना टर्फ मिळालं तोवर वय गेलेलं. आता सगळं फिटनेस आणि ड्रॅग फ्लिक. बघायला जायचं कशाला?

---

अनगोळची_लेफ्टइन

निपाणीकर, टर्फच्या खर्चाचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. जिल्ह्याच्या पोरीपोरांनी टर्फवर पाय ठेवायला बेंगळूर गाठायचं आणि पहिल्याच सिलेक्शनला टर्फवाल्यांशी खेळायचं, हा अन्याय मी स्वतः भोगलाय. मातीवर मी बॉल थांबवून वर मान करून बघायची, तिथं मान वर करेपर्यंत बॉल गेलेला असायचा. ट्रायलला बाहेर बसले आणि परतीच्या गाडीत मैत्रिणीच्या खांद्यावर रडले.

पण "बघायला जायचं कशाला" हे नाही पटत. तुम्ही ओल्या टर्फवरची मॅच जवळून बघितलेली दिसत नाही. सुरू व्हायच्या आधी मोठे मोठे फवारे लागतात, सगळं ग्राउंड चकचकीत होतं, आणि मग जोरात पास मारला की बॉलच्या मागं पाण्याची रेघ उडत जाते. बॉल उडी मारत नाही म्हणून खेळणारीला खाली बघत बसावं लागत नाही, ती वर बघते, आणि तुम्हाला ती कुणाला शोधतेय ते दिसतं. मला तर हॉकी टर्फवरच नीट समजायला लागली. आणि तुमचा ड्रिबलर कुठं गेलेला नाही, त्याला आता बॉल लवकर सोडावा लागतो एवढंच.

आता माझा किस्सा. नोव्हेंबर २०१९, भुवनेश्वर. ऑफिसच्या ट्रेनिंगला गेले होते आणि नेमकं त्याच वेळी कलिंग स्टेडियमवर टोकियो ऑलिंपिकचं क्वालिफायर, आपल्या मुली विरुद्ध अमेरिका. दोन दिवसांत दोन मॅच, दोन्हींचे गोल मिळून जो पुढं तो ऑलिंपिकला. पहिल्या दिवशी आपण ५-१ जिंकलो. दुसऱ्या दिवशी मी निवांत गेले, आता काय, चार गोलांचं लीड आहे, पॉपकॉर्न घेऊन बसले.

हाफटाईमपर्यंत अमेरिकेचे चार गोल! आपले शून्य. म्हणजे एकूण ५-५. माझ्या बाजूला एक ओडिया कुटुंब, आजी, आई, दोन पोरी. मला ओडिया येत नाही, त्यांना मराठी नाही, आणि हाफटाईमला आम्ही सहाजणी (हो, पलीकडची एक अनोळखी कॉलेजची मुलगीपण) एकमेकींचे हात धरून बसलो होतो. आजीबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. पॉपकॉर्न तसंच मांडीवर.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपल्या मुली बदलल्या. सविता गोलातून सारखी ओरडत होती, आम्हाला वरपर्यंत ऐकू येत होतं. चौथं क्वार्टर सुरू होऊन दोनेक मिनिटं झाली असतील, ४८ वं मिनिट, आणि राणी रामपालनं डी च्या आतून मारला. नेट हललेलं मला दिसलं नाही, कारण आमच्या पुढच्या रांगेतली सगळी आधीच उभी राहिलेली. आजीबाईंनी मला मिठी मारली तेव्हा कळलं. ६-५. पुढची बारा मिनिटं आम्ही बसलोच नाही. त्या एका गोलावर टोकियोचं तिकीट मिळालं आणि तिथं मुली चौथ्या आल्या. ब्राँझची मॅच ग्रेट ब्रिटनबरोबर ३-४ हरल्या तेव्हा मी घरी टीव्हीसमोर होते आणि त्या आजींची आठवण आली, नंबर घ्यायला पाहिजे होता.

---

शहापूरकर

ताई, अंगावर काटा आला हो.

---

निपाणीकर

ताई, ट्रायलचं वाचून वाईट वाटलं. राणीच्या गोलाला मी घरात ओरडलो होतो हे कबूल. बाकी मत तेच आहे.

---

लोंडा_जंक्शन

मी आता बेंगळूरला असतो. कॉलेजपासून इकडं, आधी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं ये-जा, आता बेंगळूरकरच झालोय.

माझा किस्सा धनराज पिल्लेचा. २०१२ ला ती वर्ल्ड सिरीज हॉकी झाली होती, आठवतंय का, एकच सीझन चालली आणि बंद पडली. त्यात धनराज कर्नाटक लायन्सकडून खेळला. खडकीचा, पुण्याचा माणूस, चार ऑलिंपिक खेळलेला, आणि वय ४३! आम्ही हॉस्टेलची टोळकी शांतीनगरला अक्कीतिम्मनहळ्ळीच्या स्टेडियमवर गेलो ते खरं म्हणजे म्हाताऱ्याची चेष्टा करायला. पोरं म्हणाली, बघूया किती वेळ पळतोय.

तर तो पळतच नव्हता सारखा. उभा असायचा, केस मागं सारायचा, सहकाऱ्यांना हात करून ओरडायचा, अंपायरशी हुज्जत घालायचा. आणि मग मधूनच एकदम आठ-दहा पावलं अशी काढायचा की मार्किंगवाला पोरगा, त्याच्या निम्म्या वयाचा असेल, जागेवरच राहायचा. मी साईडलाईनला अगदी खाली बसलेलो. एकदा बॉल आमच्यासमोर बाहेर गेला, धनराज घ्यायला आला, आमच्यातल्या एकानं धीर करून मराठीत हाक मारली "धनराजभाऊ, एक गोल मारा की!" त्यानं वर बघितलं, मराठीतच म्हणाला, "पास तर देऊ देत मला." आणि लगेच वळून आपल्याच हाफबॅकला झापायला गेला. आम्ही जाम हसलो. चेष्टा करायला गेलेली पोरं शेवटी त्याच्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडली.

बॅकलाईनच्या सीटच्या थिअरीला माझा विरोध. खाली साईडलाईनला बसा. खेळाडू एकमेकांशी काय बोलतात ते ऐकू येतं. अर्धी हॉकी तोंडानं खेळतात.

---

बॅकलाईन

"पास तर देऊ देत मला" 😂 हे मी आता आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये वापरणार.

निपाणीकर, टर्फबद्दल एक गोष्ट राहिली. शॉर्ट कॉर्नरला सरळ हिट मारली तर बॉल गोलच्या फळीच्या उंचीपेक्षा, म्हणजे साधारण दीड फुटापेक्षा वर जाऊन चालत नाही. फ्लिक मात्र कितीही वर जाऊ शकते. म्हणून तर सगळे फ्लिककडं वळले, आणि तसा ओढून फ्लिक मारायला सपाट जमीन लागते. म्हणजे नियम आणि टर्फ दोन्ही मिळून हे झालंय, एकट्या टर्फला शिव्या देऊ नका.

आणि लोंडा, सीटबद्दल तू चुकतोयस. साईडलाईनवरून बॉल लांबच्या कोपऱ्यात गेला की काय दिसतं तुला? पाठमोरे अकरा जण.

---

कॅम्पातला_म्हातारा

लोंडा_जंक्शन, खाली बसायचं तुझं म्हणणं मला पटतं बाळा, खरं आता माझे गुडघे कुठंच बसू देत नाहीत.

टर्फपेक्षा माझा राग या चार क्वार्टरवर आहे. पूर्वी पस्तीस-पस्तीस मिनिटांचे दोन हाफ. एखादी टीम दबाव टाकायला लागली की टाकतच राहायची, समोरच्याला श्वास घ्यायला जागा नाही, बघणाऱ्यालाही नाही. आता पंधरा मिनिटं झाली की थांबा, पाणी प्या, टीव्हीवर जाहिरात बघा. ज्याची दमछाक झालीय त्याला फुकटची विश्रांती. सुरुवातीची बुलीपण गेली, दोघं समोरासमोर वाकून स्टिकला स्टिक लावायचे त्यात केवढा रुबाब होता.

---

अनगोळची_लेफ्टइन

काका, तुमच्या वेळी अकराच्या अकरा सत्तर मिनिटं खेळायचे, बदली मिळायची ती एखाद-दुसरी. आता हवे तितक्या वेळा खेळाडू आतबाहेर करता येतात, म्हणून वेग एवढा वाढलाय की क्वार्टर नसतील तर मरतील बिचारे. आणि ब्रेकच्या तोंडावर काय होतं ते बघा. २०२३ ला चेन्नईत एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल, मलेशिया आपल्यावर ३-१ पुढं होतं. तिसरं क्वार्टर संपता संपता, पंचेचाळिसाव्या मिनिटाला हरमनप्रीतचा आणि लगेच गुरजंतचा गोल, ३-३! शेवटी आकाशदीपनं चौथा मारून मॅच काढली. माझा भाऊ तिथं स्टेडियममध्ये होता. तो नेमका क्वार्टर संपायच्या आधी गर्दी टाळायला म्हणून चहा आणायला उठला आणि दोन्ही गोल त्याला आवाजावरून कळले. अजून घरात कुणी चहा म्हटलं की आम्ही त्याच्याकडं बघतो.

---

शहापूरकर

पाच मिनिटं आधी चहाला उठणारी माणसं प्रत्येक घरात एक असतेच. आमच्यात मामा.

बरं मला एक सांगा. एवढं सगळं वाचून पोराला घेऊन एकदा जावं वाटूलालंय. नववीत आहे, दिवसभर मोबाईल. पण भुवनेश्वर, चेन्नई परवडणार नाही. जवळ कुठं?

---

अनगोळची_लेफ्टइन

कोडगूला (कूर्गला) जा! उन्हाळ्याच्या सुट्टीत, एप्रिल-मे मध्ये कोडव लोकांचा हॉकी उत्सव असतो. यात क्लब नसतात, घराणी खेळतात. एकाच आडनावाची टीम. १९९७ ला करडा गावात पांडंड घराण्यानं सुरू केला तेव्हा साठ टीम होत्या, २०२४ ला नापोक्लूला ३६० घराण्यांच्या टीम उतरल्या आणि गिनीजमध्ये नोंद झाली. दरवर्षी वेगळं घराणं यजमान.

आमच्या मिस्टरांच्या दोस्ताचं सासर तिकडचं, म्हणून गेलो होतो. मी बघितलेल्या मॅचमध्ये एका टीमचा गोली टक्कल पडलेला काका, फुलबॅक त्याचा मुलगा आणि फॉरवर्डला त्याची पुतणी. बाई-पुरुष एकाच टीममध्ये! काकानं गोल खाल्ला की मुलगा वैतागून "अप्पा!" म्हणून ओरडायचा आणि स्टँडमधून काकाची बायको मुलालाच रागवायची. समोरच्या टीममध्ये एक पोरगा राज्य लेव्हलचा असावा, बॉल त्याच्या स्टिकला चिकटलेला, पण पुतणीनं त्याला दोनदा असं स्वच्छ टॅकल केलं की सगळं ग्राउंड उठलं. आणि निपाणीकर, तुमच्यासाठी खास, हे सगळं गवताच्या मैदानावर चालतं.

एस. व्ही. सुनील, रघुनाथ, उथप्पा ही इंडियाची पोरं कोडगूचीच. सोमय्या, गणेश, गोविंदा ही जुनी नावंही तिकडचीच. शहापूरकर, पोराला हेच दाखवा आधी, स्टेडियम नंतर.

---

निपाणीकर

गवतावर? आणि ३६० टीम? मग ताई मी येतो. मत बदललं असं समजू नका.

---

लोंडा_जंक्शन

कोडगूत रेल्वे नाही हां, ध्यानात ठेवा. म्हैसूरपर्यंत विश्वमानव एक्स्प्रेस, तिथून पुढं बसनं. घाट वळणावळणाचा आहे, पोराला गाडी लागत असेल तर पुढची सीट पकडा. यजमान घराणं आणि जागा आधी कळते, त्यानंतरच बुकिंग करा, कारण दरवर्षी ठिकाण वेगळं. आणि शेवटच्या आठवड्यात लॉज मिळत नाही. सुरुवातीच्या राऊंडला गेलात तर दिवसाला कितीतरी मॅच बघायला मिळतात, फायनलला एकच.

---

बॅकलाईन

मी पण येणार. पुढच्या वर्षीचं ठिकाण कळलं की इथंच टाकतो. काका, तुम्ही?

---

कॅम्पातला_म्हातारा

घाट म्हणालात ना. डॉक्टरांना विचारतो. नाही म्हणाले तर आजी सिरियस आहे म्हणून सांगता येणार नाही आता, आजोबा मीच आहे. घडीची खुर्ची कुणीतरी घेऊन या माझ्यासाठी, साईडलाईनला टाकू.

---

बॅकलाईन

गोलमागं टाकू काका.

---

लोंडा_जंक्शन

साईडलाईनला.